इंग्रजीतले दोन नकार आणि सुनेचा एक

माझं शिक्षण चौथीपर्यंत. घरात शेळ्या वाढल्या आणि मी शाळेतून कमी झाले. मराठी वाचता येतं, सही येते, एसटीची पाटी वाचून बरोबर गाडीत बसता येतं. इंग्रजी अक्षरं मी खताच्या गोण्यांवर बघून ओळखते, पण त्यांचा शब्द काय होतो ते मला कळत नाही. तरी मी इंग्रजीतल्या नकाराबद्दल लिहायला बसले आहे. त्या नकारानं आमच्या घरातला एक अख्खा उन्हाळा खाल्ला, म्हणून.

माझी सून गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनीस म्हणजे सकाळी खोली झाडायची, घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची आणि दुपारी पोरं परत पोचवायची. तेरा वर्षं तिनं हे केलं. तिच्या वर सेविका. ती रजिस्टर लिहिते, पोरांची वजनं घेते, मोबाइलवर माहिती भरते. आमच्या गावची सेविका त्या वर्षी निवृत्त होणार होती. मदतनीस बारावी पास असली तर ती जागा आधी तिला विचारतात. नसली तर बाहेरून अर्ज मागवतात. म्हणजे गावात कुणाची तरी बारावी शिकलेली नवी सून खुर्चीवर येणार आणि माझी सून तिच्या हाताखाली झाडत राहणार. सुनेनं हे मला एकदाच सांगितलं, भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता.

लग्नात ती दहावी होती. बारावीला तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. बाकी सगळे विषय सुटले. इंग्रजी राहिलं. पुन्हा दिलं, पुन्हा राहिलं. आता जुलैत शेवटची संधी, कारण त्यानंतर सेविका जाणार होती.

मी तिच्याजवळ अभ्यासाला बसायचे. मायेनं वगैरे नाही. कुणी समोर बसलं नाही तर ती पुस्तकावर डोकं टेकून झोपायची; सकाळपासून राबलेली बाई दुसरं काय करणार? दुपारी दोनला ती यायची, जेवायची, आणि आम्ही ओसरीवर बसायचो. मी चिंचा फोडायचे. एप्रिल-मे म्हणजे चिंचांचे दिवस. टरफल काढायचं, हातोडीनं ठेचून चिंचोके वेगळे करायचे. गाइड माझ्या मांडीजवळ उघडं असायचं. त्यात इंग्रजीखाली मराठीत समजावून सांगितलेलं होतं, तेवढं मी वाचायचे आणि ती उत्तर लिहायची.

एक दिवस मी वाचलं, "वाक्याचा अर्थ न बदलता नकारार्थी करा."

मग मीच थांबले. "अर्थ बदलायचा न्हाई तर वाक्य कामून बदलायचं?"

"मार्क हाय त्याला, आत्याबाई."

"किती?"

"एक."

"एका मार्कासाठी चांगल्या वाक्याचं असं करायचं?"

"दोनदा मी तीन-चार मार्कांनीच गेले," ती म्हणाली. मग मी पुढं वाचलं.

इंग्रजी वाक्य सुनेनं वाचून दाखवलं, ही इज ऑनेस्ट. तो प्रामाणिक आहे. त्याचं नकारार्थी करायचं, ही इज नॉट डिसऑनेस्ट. तो अप्रामाणिक नाही. खाली चौकटीत ठळक छापलेलं होतं, 'दोन नकार एकत्र आल्यास होकार होतो.'

मी हातोडी खाली ठेवली. "हे खोटं हाय."

"छापलंय ते."

"छापलेलं खोटं नसतं व्हय? आपल्याकडून बोकडं नेणारा व्यापारी घे. त्यानं मला आजवर फसवलेलं न्हाई. म्हंजे तो अप्रामाणिक न्हाई. पण प्रामाणिक हाय असं मी म्हणंल का? त्याला मी भेटले, म्हणून त्याचं जमलं न्हाई एवढंच."

"आत्याबाई, पुढचं वाक्य वाचा."

पण मला पुढं जाता येईना. माझी सासू वीस वर्षं माझ्या हातची भाजी जेवली. कधी काही विचारलं तर म्हणायची, "वाईट न्हाई झाली." चांगली झाली असं तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही. वाईट नाही आणि चांगली एकच असतील तर मी वीस वर्षं उगाच कुढत बसले म्हणायचं. मी हे सुनेला सांगितलं.

ती म्हणाली, "तुमीबी तेच म्हणता मला."

हे खरं होतं. मी चिंचेकडं बघितलं. "मग तुला काय वाटतं, वाईट न्हाई आन् चांगली एकच हाय का?"

"मला काय वाटतं ते बोर्डाला नको हाय," ती म्हणाली. "बोर्डाला सासू न्हाई."

तिचा अडथळा मात्र वेगळाच होता. तिला दोन नकार लक्षातच राहायचे नाहीत. कधी एकच घालायची आणि प्रामाणिक माणसाला चोर करून ठेवायची, कधी तीन घालायची. गाइड नुसतं 'होकार होतो' म्हणून मोकळं. कसा होतो ते सांगत नव्हतं. मला ते टोचत राहिलं.

आमच्या गल्लीत एक मास्तरीण भाड्यानं राहायची. ताडकळसला इंग्रजी शाळेत शिकवायची, रोज स्कुटीवर जायची. तरुण पोरगी, नांदेडकडची. रविवारी मी तिच्याकडं वाटीभर चिंच घेऊन गेले. तिला वाटलं, सुनेची शिकवणी लावायला आले.

"शिकवणी नको," मी म्हणलं. "मला एक सांग. दोन न्हाई मिळून हो कसं होतं?"

ती हसली. मग गणितातली वजाबाकीची खूण काढून दाखवायला लागली. ते मला बिल्कुल कळलं नाही आणि मी तसं सांगितलं. तिनं इकडंतिकडं बघितलं. दोरीवर उशीचा अभ्रा वाळत होता, शिवण बाहेर काढून. तो तिनं घेतला.

"आजी, हा आत्ता कसा आहे?"

"उलटा."

तिनं तो आत हात घालून फिरवला. "आता?"

"सुलटा."

"पुन्हा फिरवला. आता?"

"उलटा. बास, कळलं मला. एक न्हाई म्हंजे एकदा फिरवणं. दोन न्हाई म्हंजे पुन्हा फिरवून जाग्यावर."

"झालं की मग!"

"पण दोनदा फिरवलेल्याचे कोपरे नीट बाहेर येत न्हाईत," मी म्हणलं. "बोट घालून काढावे लागतात."

मास्तरणीनं अभ्र्याच्या कोपऱ्यात बोट घालून बघितलं. म्हणाली, "तेही बरोबर आहे. नॉट डिसऑनेस्ट म्हणणाऱ्याच्या मनात कोपऱ्यात काहीतरी अडकलेलं असतंच. पण आजी, परीक्षेत कोपरे बघत नाहीत."

मग तिनंच आपणहून आणखी एक सांगितलं आणि ते ऐकून मी चहा प्यायची थांबले. इंग्रजी मुलखात कित्येक लोक बोलताना दोन नकार घालतात, पण त्याचा होकार होत नाही. आय डोन्ट नो नथिंग असं म्हणतात. पुस्तकाप्रमाणं त्याचा अर्थ निघतो, मला काहीतरी माहीत आहे. पण म्हणणाऱ्याला म्हणायचं असतं, मला काही म्हणजे काहीच माहीत नाही. आणि ऐकणाऱ्यालाही तेच कळतं.

"कोण माणसं असं बोलतात?"

"साधी. शेतातली, कारखान्यातली."

"आन् मग त्यांना कुणी हसतं का?"

"हसतात की. शिकलेले हसतात. मास्तर लाल शाईनं खोडतात."

मला इतकी वर्षं वाटायचं, इंग्रजी बोलणारी माणसं बूट घालूनच जन्माला येतात. तिकडंही 'हाय' आणि 'न्हाई' म्हणणारी माणसं आहेत आणि त्यांनाही कुणीतरी 'आहे' आणि 'नाही' म्हणायला लावतं, हे मला लय गमतीचं वाटलं. त्यांचं ते दोनदा नाही म्हणणं मला आमच्यासारखंच वाटलं. आम्ही नाही का म्हणत, न्हाई न्हाई, मी येणार न्हाई? त्यात उलटंसुलटं काही नसतं. खुंटी पक्की बसावी म्हणून दुसरा घाव घालतात, तसं ते असतं.

घरी येऊन मी सुनेला दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "परीक्षेला कुठला?"

"फिरवायचा. ठोकायचा न्हाई."

तिला ते एका दुपारीत जमलं. वाक्य वाचायची, हाताचा तळवा एकदा पालथा करायची, पुन्हा उताणा करायची, मग लिहायची. माझी चिंच त्या दिवशी अर्धीच फोडून झाली, पण तिनं बारा वाक्यांत एकही चोर केला नाही.

मला मात्र नादच लागला. जिथं जाईन तिथं मी नाही मोजायला लागले. कंडक्टर म्हणाला, सुट्टे दिल्याशिवाय तिकीट मिळणार नाही. त्यात दोन. शेजारीण म्हणाली, माझा लेक दिवाळीला आल्यावाचून राहायचा न्हाई. त्यातही दोन, आणि तो आला नाही तो भाग वेगळा. आमच्या मुलाला विजेच्या जोडणीसाठी ग्रामपंचायतीचा कागद लागत होता. त्याचं नावच ना-हरकत. मी ग्रामसेवकाला विचारलं, "हरकत न्हाई म्हंजे परवानगीच की. मग सरळ परवानगी म्हणून का देत न्हाई तुमी?"

तो माणूस खरं बोलला. "आजी, परवानगी दिली की जबाबदारी येते. हरकत नाही म्हणलं की येत नाही."

दोन नकार फिरवून हो होतं, पण त्या हो मध्ये कुणी उभं नसतं. हे गाइडमध्ये नव्हतं.

जुलैत सुनेनं परीक्षा दिली. नकाराचं वाक्य आलं होतं का, मी विचारलं. "आलं होतं, फिरवलं," ती म्हणाली. निकाल मोबाइलवर आला तेव्हा ती अंगणवाडीत खिचडी ढवळत होती. तिथून ती घरी धावत वगैरे आली नाही. पोरांना जेवू घातलं, पोचवलं, भांडी घासली, मग घरी येऊन सांगितलं.

"सदतीस."

"पास कितीला?"

"पस्तीसला."

"मग दोन जास्तीचे हायत," मी म्हणलं. त्या रात्री तिनं शिरा केला. तो चांगला झाला होता आणि मी तसं म्हणाले. ती माझ्याकडं बघतच राहिली.

आता खरी गोष्ट. ती इंग्रजीत नाही झाली. आमच्या ओसरीवर, साध्या मराठीत झाली.

निकालानंतर दोन आठवड्यांनी सुपरवायझर मॅडम घरी आल्या. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या. नवीनच बदली होऊन आल्या होत्या, पुण्याकडून. त्यांच्यामागं वीस गावं आणि हातात एक फाइल. ओसरीवर खुर्ची दिली. सून म्हणाली, चहा ठेवते. मॅडम म्हणाल्या, "नको, मी चहा घेत नाही." सून आत गेली आणि चहा ठेवला. आला चहा. मॅडमनी कपाकडं बघितलं, म्हणाल्या, "अहो, नको म्हणाले ना मी," आणि कप तसाच राहिला. त्याच्यावर साय धरली. आम्हा दोघींना तेव्हाच कळायला पाहिजे होतं की ही बाई नको म्हणते तेव्हा तिला नको असतं.

मॅडमनी मार्कलिस्ट बघितली, फाइल उघडली आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात सेविकेची जागा रिकामी होते आहे. तुम्ही घेणार का?"

सुनेनं पदर सारखा केला. मान खाली घातली. म्हणाली, "नको मॅडम. मला कुठं जमायचं? माझ्याहून शिकलेल्या लय हायत गावात."

मी मनात म्हणलं, शाबास, नीट बोलली. आणि आम्ही दोघी वाट बघत बसलो.

मॅडम म्हणाल्या, "बरं." फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. फाइल मिटली. चप्पल घातली आणि गेल्या.

ज्यांच्याकडं हा दस्तूर नाही त्यांना सांगायला पाहिजे. आमच्यात पहिल्यांदा विचारलं की कुणी हो म्हणत नाही. जेवायला नाही, चहाला नाही, लग्नातल्या साडीला नाही, मानाच्या पाटावर बसायला नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं. समोरच्यानं पुन्हा विचारायचं. मग म्हणायचं, कशाला उगाच. त्यानं तिसऱ्यांदा विचारायचं. मग म्हणायचं, बघते. बघते म्हणजे हो. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारी बाई हावरी. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो पहिला नकार ऐकूनच घेत नाही. तो पुढं सरकतो. मला माझ्या आईनं हे मी सहा-सात वर्षांची असताना शिकवलं, आणि मी सुनेला शिकवायची गरज पडली नाही, ती शिकूनच आली होती. एकदा परभणीला मुलाच्या साहेबाच्या घरी मी जेवायला नको म्हणाले, आणि त्या घरच्या बाईनं खरंच ताट वाढलं नाही. मी संध्याकाळपर्यंत उपाशी. तेव्हा मी त्या बाईला नावं ठेवली. दस्तुराला ठेवली नाहीत.

त्या दिवशी मॅडम गेल्यावर सून म्हणाली, "पुन्हा येतील त्या. न्हाईतर फोन करतील."

"करतील की," मी म्हणलं. "लगेच हो म्हणली असतीस तर म्हणल्या असत्या, बाई जागेवर टपूनच बसली होती."

"व्हय ना."

मी नकार मोजत गावभर फिरणारी बाई. अभ्रा फिरवणारी. आणि माझ्या समोर बसून माझी सून एकच नकार बोलली, तो कागदावर उतरला, आणि मला त्यात काही दिसलं नाही. दोन दिवस आम्ही फोनची वाट बघितली. फोन आला, पण तो जुन्या सेविकेला. ती तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहिली आणि सुनेवर ओरडलीच.

"तू नको म्हणालीस? येडी हायस का? मॅडमनी लिहून घेतलंय, मदतनीस तयार नाही. सोमवारी बाहेरच्या अर्जाची नोटीस लागायलीय!"

सून म्हणाली, "मी कुठं नको म्हणाले?"

"मग काय म्हणालीस?"

सुनेनं उंबऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "नको म्हणाले."

त्या दिवशी शुक्रवार होता. मी मुलाला शेळ्या सोडायला सांगितल्या आणि आम्ही दोघी नऊच्या एसटीनं तालुक्याला निघालो. गाडीत सून खिडकीशी बसली होती. मी तिला विचारलं, काय बोलशील? ती म्हणाली, "तुमीच सांगा ना, आत्याबाई. तुमाला बोलता येतं."

"मला बोलता येतं, पण जागा मला न्हाई मिळणार."

"मीच जाऊन मागायची म्हंजे..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. कसं दिसेल, हेच तिला म्हणायचं होतं. तेरा वर्षं झाडलेल्या खोलीत बसायला मिळावं एवढं मागायचं, तर तिला ते उघड्यावर लुगडं बदलण्यासारखं वाटत होतं. मला तिचा राग आला आणि मला तिचं पटतही होतं. मी तिच्या वयाची असते तर मीही गाडीतून उतरलेच नसते.

ऑफिसच्या व्हरांड्यात आणखी सात-आठ बायका होत्या, वेगवेगळ्या गावांच्या, आपापल्या फायली घेऊन. अकराला मॅडम आल्या. दार उघडंच राहिलं. सून टेबलासमोर उभी राहिली आणि मी तिच्या मागं. मॅडमनी मला बघून विचारलं, "बोला आजी."

मी तोंड उघडलं होतं. मॅडमच म्हणाल्या, "पण जागेबद्दल असेल तर त्यांनाच बोलू दे. सासूच्या सांगण्यावर मी लिहून घेत नाही. उद्या म्हणाल, सासूनं लावलं."

ते रास्त होतं. मी तोंड मिटलं.

सून म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी न्हाई म्हणाले, पण तसं न्हाई म्हंजे न्हाई असं न्हाई, घ्यायची न्हाई असं काय माझ्या मनात न्हाई..."

मी मागं उभी राहून बोटांवर नकार मोजत होते. चौथ्या बोटाला माझाच घोटाळा झाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ताई, मला काही कळलं नाही. सरळ सांगा. जागा पाहिजे की नको?"

व्हरांड्यातल्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. सुनेची मान लाल झालेली मला मागून दिसत होती. पदराचं टोक तिनं मुठीत पिळून त्याची दोरी केली होती. पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद फडफडत होते. मला वाटलं, ही आता 'बघते' म्हणणार, आणि म्हणली की मी हिला इथंच चापट मारणार.

"पाहिजे," ती म्हणाली.

"काय?"

"मला पाहिजे ती जागा." आता ती मोठ्यानं बोलत होती, गरज होती त्याहून मोठ्यानं. "तेरा वर्षं मी तिथं झाडलंय. सगळी पोरं माझ्या वळखीची हायत. वजनं मी घेते, सेविकाबाई नुसतं लिहितात. मला ती जागा पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "मग परवा घरी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

सुनेनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. ते उत्तर माझ्याकडं होतं. मी म्हणलं, "तुमी एकदाच इचारलं."

"किती वेळा विचारायचं असतं?"

"दोनदा तरी. तीनदा इचारलं तर बरं दिसतं."

मला वाटलं, चिडतील. चिडल्या नाहीत. मागं टेकून बसल्या. म्हणाल्या, "आजी, मला वीस गावं आहेत. मी एकदाच विचारते." मग म्हणाल्या, "म्हणजे तो चहाही... मी तीनदा नको म्हणायला पाहिजे होतं?"

"चारदा," मी म्हणलं. "तरी आला असता."

त्यांनी फाइल काढली. आमच्या गावाची ओळ शोधली. लिहिलेल्यावर आडवी रेघ मारून बाजूला सही केली आणि एक कोरा कागद सुनेपुढं सरकवला. स्वतःच्या हातानं लिहून द्या, म्हणाल्या, म्हणजे वर पाठवता येईल. सून उभ्यानंच टेबलावर वाकली. मी मागून वाचलं. ‘मी सेविका पदावर काम करण्यास तयार आहे.’ त्यात एकही नकार नव्हता. खाली तिनं सही केली आणि तारीख घातली.

काम झालं होतं. मी दाराकडं वळले. सून हलली नाही.

मॅडम म्हणाल्या, "आणखी काही?"

"व्हय," सून म्हणाली. "आमच्या अंगणवाडीत नळ न्हाई. हापशावरून पाणी आणावं लागतं, तवर पोरं एकटी राहतात. नळ पाहिजे. आन् दाराची कडी मोडलीय, पावसाळ्यात कुत्री आत येऊन बसतात. कडी पाहिजे. आन् वजनाचा काटा अर्धा किलो जास्त दाखवतो."

मी मागून तिचा पदर ओढणार होते, बास कर म्हणून. इतकं एकदम कुणी मागतं का? पण मॅडमनी दुसरा कागद काढला होता आणि त्या लिहायला लागल्या होत्या. सून एकेक सांगत गेली. व्हरांड्यातली एक बाई दारात येऊन उभी राहिली आणि ऐकायला लागली. मी हात मागं घेतला.

नियुक्तीचा कागद पंधरा-वीस दिवसांनी आला. कडी त्याच महिन्यात बसली. काटाही बदलून मिळाला. नळ अजून आलेला नाही. सून दर महिन्याच्या बैठकीत त्याचं विचारते, आणि घरी येऊन सांगते की मॅडम आता तिला बघितलं की आधीच म्हणतात, "नळ, माहीत आहे." तरी ती विचारते.